जिझेल : एक भूमिका आणि तिच्या अनेक नायिका

एकाच नाटकांतील एकच भूमिका निरनिराळ्या नटांनीं कशी वठविली, याची तुलना करीत बसणें हा आपल्याकडील नाट्यप्रिय कुटुंबांचा जुना छंद आहे. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला पाहिलेले रसिक बालगंधर्वांच्या शकुंतलेला दाद देतां देतां मध्येंच सुस्कारा टाकीत. आणि ज्यांनीं बालगंधर्व पाहिले, त्यांनीं तोच सुस्कारा पुढील पिढीस वारशानें दिला. तरुण मंडळी अशा संभाषणांकडे वृद्धांची करमणूक म्हणून पाहतात, आणि विद्वान मंडळी तिकडे फारसें पाहतच नाहींत. नाटकाचा इतिहास म्हणजे नाटककारांचा इतिहास, अशी आपल्या पाठ्यपुस्तकांची समजूत असल्यामुळें कोणती भूमिका कोणीं केली ही गोष्ट बहुधा तळटीपेंत जाऊन बसते.

आमचें म्हणणें असें कीं, निदान एका कलेच्या बाबतींत तरी ही वांटणी उलट केली पाहिजे. नाटककार गेला तरी त्याचें पुस्तक मागें उरतें. संगीतकार गेला तरी त्याची स्वरलिपि उरते. नृत्य मात्र नर्तकाच्या देहांतच राहतें, आणि एका देहांतून दुसऱ्या देहांत गेलें तरच पुढें जगतें. अशा कलेंत पात्रांची परंपरा हीच संहिता होय. तिची तुलना टाळून तिचा इतिहास लिहूं पाहणें म्हणजे हस्तलिखितें न चाळतां ग्रंथाचा पाठ ठरविण्यासारखें आहे. या म्हणण्याची परीक्षा करण्यास यूरोपांतील बॅले या नृत्यनाट्याइतकें सोईचें क्षेत्र नाहीं, आणि त्या क्षेत्रांत ‘जिझेल’इतकें बोलकें उदाहरण नाहीं. सुमारें १८५ वर्षें हें नृत्यनाट्य रंगभूमीवर आहे, आणि प्रत्येक मोठ्या नर्तकीनें आपली पारख त्यांत करून घेतली आहे.

कथानक थोडक्यांत सांगतों. ऱ्हाईन नदीकांठच्या एका खेड्यांत जिझेल नांवाची नृत्यवेडी कृषककन्या राहते. आल्बर्ट (पुढें रूढ झालेलें नांव आल्ब्रेख्ट) नांवाचा सरदार सामान्य खेडुताचा वेष घेऊन तिचें प्रेम संपादन करतो. तिच्यावर अनुरक्त असलेला वनरक्षक हिलारिओन त्याचें सोंग उघडें पाडतो. त्या सरदाराचा विवाह एका राजकन्येशीं ठरला आहे हें कळतांच जिझेलचें भान सुटतें आणि त्या उन्मादांतच ती प्राण सोडते. दुसरा अंक मध्यरात्रीं अरण्यांतील समाधीपाशीं घडतो. विवाहापूर्वीं मृत्यु पावलेल्या वधू येथें ‘विली’ नामक छायारूपानें वावरतात आणि हातीं सांपडलेल्या पुरुषास मरेपर्यंत नाचावयास लावतात. त्यांची राणी मिर्था आल्ब्रेख्टला हीच शिक्षा देते. परंतु जिझेल त्याच्यासाठीं स्वतः नाचत राहून, त्यास सांवरीत, पहांटेपर्यंत रात्र काढते. उजाडतांच विलींचें सामर्थ्य संपतें, तो वांचतो आणि ती कायमची नाहींशी होते.

या कथेचें बीज जर्मन कवि हाइनरिख हाइने यानें आपल्या एका ग्रंथांत सांगितलेल्या लोककथेंत आहे. तें वाचून फ्रेंच कवि व टीकाकार थेओफिल गोतिए यास ही कल्पना सुचली. सें-जॉर्ज या अनुभवी लेखकाच्या साहाय्यानें त्यानें संविधानक रचिलें, आदॉल्फ आदां यानें संगीत दिलें, आणि २८ जून १८४१ रोजीं पॅरिसच्या ऑपेरांत पहिला प्रयोग झाला. जिझेल झाली होती कार्लोत्ता ग्रिसी, आल्बर्ट ल्युसियां पतिपा आणि विलींची राणी आदेल द्युमिलात्र.

ज्या क्षणीं ही कृति जन्मास आली त्याच क्षणीं ती आपल्या पात्रांनीं घडविलेली होती, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. जाहिरातीवर नृत्यरचनाकार म्हणून झां कोराली याचें नांव होतें. परंतु नायिकेचीं नृत्यें ग्रिसीचा गुरु व सहचर ज्यूल पेरो यानें बसविलीं होतीं, आणि त्याचें नांव त्या जाहिरातीवर कोठेंही नव्हतें. म्हणजे भूमिकेचा गाभा एका विशिष्ट नर्तकीच्या पायांच्या मापानें, तिला अंतर्बाह्य ओळखणाऱ्या माणसानें कापून शिवलेला होता. दुसरी गोष्ट याहूनही बोलकी आहे. नाताली फिट्झ-जेम्स नांवाच्या नर्तकीस वजनदार आश्रयदाता लाभलेला होता. तिच्यासाठीं ऐन वेळीं पहिल्या अंकांत एक युगुलनृत्य घुसडण्यांत आलें, आणि त्यासाठीं बुर्गम्युलर या दुसऱ्याच संगीतकाराची रचना घेण्यांत आली. फिट्झ-जेम्सबाईंचें नांव आज कोणाच्या स्मरणांत नाहीं. पण वशिल्यानें आलेलें तें युगुलनृत्य आजतागायत सर्वत्र नाचलें जातें, आणि कित्येक होतकरू नर्तकांची पहिली कसोटी त्यावरच लागते. पात्रयोजनेचा एक लहानसा अन्याय कृतीचें कायमचें अंग बनून बसला!

आतां तुलनेकडे वळूं. गोतिएनें ‘जिझेल’ लिहिण्यापूर्वींच नर्तकींचे दोन वर्ग कल्पिले होते. मारी ताल्योनी ही त्याच्या मतें ख्रिस्ती वृत्तीची नर्तकी : विरक्त, हलकी, भूमीला जेमतेम स्पर्श करणारी, १८३२ च्या ‘ला सिल्फीद’मध्यें बोटांच्या अग्रांवर तरंगून तिनें सारें यूरोप वेडें केलें होतें. फानी एल्सलर ही मूर्तिपूजक वृत्तीची : मांसल, ऊष्ण, पृथ्वीवर पाय रोवून नाचणारी. गोतिएची योजकता अशी कीं, ‘जिझेल’मध्यें त्यानें हे दोन्ही वर्ग एकाच भूमिकेंत कोंबले. पहिल्या अंकांतील मुलगी रक्तामांसाची आहे. दुसऱ्या अंकांतील आकृति धुक्याची. एकाच रात्रीं एकाच बाईनें दोन्ही व्हावयाचें. बहुतेक सर्व नर्तकी यांपैकीं एका बाजूस झुकतात, आणि तुलना करणाऱ्यानें प्रथम पाहावयाचें तें हेंच, कीं अमुक नर्तकीचा कल कोणत्या अंकाकडे आहे.

ग्रिसीनें दोन्ही बाजू समतोल सांभाळल्या, असें समकालीनांचें मत दिसतें. दोन वर्षांनीं, १८४३ मध्यें, एल्सलरनें लंडनमध्यें ही भूमिका केली आणि पारडें झुकविलें. तिचें अभिनयसामर्थ्य मोठें. ग्रिसीच्या काळीं नृत्याच्या ओघांत येऊन जाणारा उन्मादाचा प्रसंग तिनें खऱ्या शोकांतिकेच्या पदवीस नेला. तेव्हांपासून पहिल्या अंकाचा शेवट हा नटीच्या कसोटीचा प्रसंग समजला जाऊं लागला. आज प्रेक्षक ‘जिझेल’चे तिकीट काढतो तें पुष्कळ अंशीं त्या पांच-सात मिनिटांसाठीं. ही अपेक्षा पुस्तकांतून आलेली नसून एका नर्तकीनें मागें ठेविलेली आहे.

यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या पॅरिसनें ‘जिझेल’ जगाला दिली, त्याच पॅरिसमधून ती १८६८ नंतर नाहींशी झाली. फ्रान्समध्यें बॅलेची कळा उतरत गेली होती. पुरुषनर्तक तर इतका निस्तेज झाला होता कीं १८७० च्या ‘कोपेलिया’मध्यें नायकाची भूमिकाच एका स्त्रीनें केली. आपल्याकडे पुरुष स्त्रीभूमिका करीत त्याच सुमारास पॅरिसमध्यें स्त्रिया पुरुषभूमिका करूं लागल्या होत्या, आणि दोहींकडील प्रेक्षकांस त्यांत कांहीं विपरीत वाटत नव्हतें. रूढि ही अशी सर्वत्र सारखीच बलवान असते. परंतु नायकच स्त्री झाल्यावर ‘जिझेल’सारख्या कृतीचा अर्धा प्राणच जातो.

ती वांचली रशियांत. सेंट पीटर्सबर्ग येथें १८४२ च्या अखेरीसच तिचा प्रयोग येलेना आंद्रेयानोव्हा हिनें केला होता. १८५० मध्यें खुद्द ग्रिसी तेथें नाचली आणि पेरोनें तेथें तालीम घेतली. त्याच्या हाताखालीं काम करीत होता मारियुस पतिपा, म्हणजे पहिल्या आल्बर्टचा धाकटा भाऊ. पुढें पन्नासएक वर्षें या मारियुसनें रशियांतील राजाश्रित रंगभूमीवर राज्य केलें आणि ‘जिझेल’ पुनःपुन्हां बसविली, प्रत्येक वेळीं नव्या नायिकेच्या शक्तीप्रमाणें पावलें बदलीत. पहिल्या अंकांत आज जिझेलचें म्हणून जें एकल नृत्य प्रसिद्ध आहे, तें १८४१ च्या रात्रीं नव्हतेंच. तें रशियांत मागाहून जडविलेलें रत्न आहे. म्हणजे ज्यास आपण मूळ फ्रेंच कृति म्हणतों, ती रशियन नर्तकींच्या देहांतून गाळून आलेली आहे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर स्तेपानोव्ह नामक नर्तकानें सिद्ध केलेल्या नृत्यलिपींत मारिइन्स्की रंगभूमीवरील कित्येक नृत्यनाट्यें टिपून घेण्यांत आलीं, त्यांत ‘जिझेल’ही होती. १९०३ मध्यें बावीस वर्षांच्या अना पाव्हलोव्हानें ही भूमिका प्रथम केली, तेव्हां वृद्ध पतिपानें स्वतः तिला ती शिकविली. पाव्हलोव्हाचे पाय नाजूक, देह कृश. तत्कालीन इटालियन नर्तकींच्या पोलादी फिरक्या तिला साधणाऱ्या नव्हत्या. पण तिची ही उणीव दुसऱ्या अंकांत ऐश्वर्य ठरली. ती रंगभूमीवर आली कीं देहाचें वजन कोठें गेलें, असा प्रश्न प्रेक्षकांस पडे. एल्सलरनें पारडें पहिल्या अंकाकडे झुकविलें होतें. पाव्हलोव्हानें तें पुन्हां दुसऱ्याकडे ओढलें.

या नांवाशीं आपलाही थोडा संबंध आहे. १९२२-२३ आणि १९२८-२९ या दोन दौऱ्यांत पाव्हलोव्हा हिंदुस्थानांत येऊन गेली व मुंबईकरांनीं तिचें नृत्य पाहिलें. १९२३ मध्यें लंडनला तिनें उदयशंकरांबरोबर राधाकृष्णाचें नृत्य केलें, आणि अजंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नांवानेंही एक नृत्यनाट्य रंगविलें. पुढें मेनका या नांवानें कीर्ति मिळविलेल्या लीला सोखी यांस तिचें उत्तेजन मिळालें. त्यांचें नृत्यालय खंडाळ्यास होतें. आपल्याच नृत्याकडे पुनः वळून पाहण्याची प्रेरणा कांहीं अंशीं तरी एका परदेशी ‘जिझेल’कडून यावी, हा इतिहासाचा विनोद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१९१० मध्यें दियागिलेव्हच्या रशियन मंडळीनें ‘जिझेल’ पॅरिसला परत नेली. नायिका होती तमारा कारसाव्हिना, नायक वात्स्लाव निजिन्स्की. कारसाव्हिनेनें आपल्या आठवणींत या तालमींची हकीकत दिली आहे. ती जीव तोडून अभिनय करी, रडे, वेडी होई, आणि निजिन्स्की विचारांत गढून नुसता उभा राही. सूचना केली कीं फुरंगटे. तो भूमिकेचा आपल्या परीनें इतका खोल शोध घेत होता कीं तालमींत त्याला हातही हलवितां येत नव्हता, हें तिला मागाहून कळलें. आल्ब्रेख्ट म्हणजे नायिकेस उचलून धरणारा एक देखणा आधारस्तंभ, ही पन्नास वर्षांची समजूत या जोडीनें मोडली. फसविणाऱ्याच्या मनांतही एक नाटक चाललेलें असतें, हें दिसूं लागलें. याच भूमिकेनें निजिन्स्कीची नोकरी घेतली : १९११ च्या आरंभीं सेंट पीटर्सबर्गच्या राजरंगभूमीवर, राजमाता उपस्थित असतां, रूढ अधोवस्त्र न घालतां बेन्वाच्या नमुन्याचा तंग वेष करून तो ‘जिझेल’मध्यें उतरला, आणि त्याबद्दल त्याला काढून टाकण्यांत आलें. त्या बडतर्फीमुळें तो दियागिलेव्हच्या मंडळींत कायमचा आला. एका अंगरख्याच्या आंखूडपणानें यूरोपच्या नृत्येतिहासाची दिशा बदलली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

रशियन राज्यक्रांतीनंतर मारिइन्स्कीचा माजी व्यवस्थापक निकोलाय सर्गेयेव्ह हा त्या नृत्यलिपीच्या वह्या बरोबर घेऊन देशाबाहेर पडला. त्यांच्याच आधारें त्यानें १९२४ मध्यें पॅरिसच्या ऑपेरांत ‘जिझेल’ पुन्हां उभी केली. नायिका होती ओल्गा स्पेसिव्त्सेव्हा. या बाईंविषयीं लिहितांना आमची लेखणी क्षणभर अडखळते. उन्मादाचा प्रसंग खरा उतरावा म्हणून त्या वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन रुग्णांचें निरीक्षण करीत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. १९३२ मध्यें लंडनला ॲन्टन डोलिन याच्याबरोबर त्यांनीं केलेल्या प्रयोगाच्या वेळीं मारी रँबर्ट यांनीं पहिल्या अंकाचा कांहीं भाग मूक चित्रफितीवर टिपून ठेविला. तीं कांहीं मिनिटें आम्हीं पाहिलीं आहेत. चित्र अंधुक आहे, संगीत नाहीं, तरी तिच्या हालचालींत अभिनयाची सीमा कोठें संपते हें सांगतां येत नाहीं. १९३४ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत तिच्या मनाचा तोल गेला. पुढें अमेरिकेंत सुमारें वीस वर्षें ती मनोरुग्णालयांत होती. १९६३ मध्यें ती बाहेर आली, आणि १९९१ मध्यें, शहाण्णवाव्या वर्षीं वारली. भूमिकेनें तिला वेड लाविलें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल, आणि तें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आरामखुर्चींत बसून जेव्हां आपण म्हणतों कीं अमकीचा उन्माद तमकीपेक्षां अधिक खरा, तेव्हां त्या खरेपणाची किंमत कोणीं कशी दिली असेल, याचा विचार तुलना करणाऱ्याच्या मनांत असलाच पाहिजे.

१९३२ चे ते प्रयोग पाहणाऱ्यांत ॲलिशिया मार्कोव्हा ही इंग्रज मुलगी होती. १ जानेवारी १९३४ रोजीं लंडनच्या ओल्ड व्हिकमध्यें, त्याच सर्गेयेव्हच्या वह्यांवरून, त्याच डोलिनबरोबर ती जिझेल झाली. तिनें स्पेसिव्त्सेव्हाची नक्कल केली नाहीं. तिचा आवाका निराळा : बारीक बांधा, निःशब्द उडी, अभिनयांत कमालीचा संयम. तिच्या उन्मादांत आक्रोश नव्हता. दिवा मंदावत जावा तसें भान मंदावत जाई. पुढें २ नोव्हेंबर १९४३ रोजीं न्यूयॉर्कला मार्कोव्हा आजारी असल्यामुळें तिच्या जागीं आलिसिया आलोन्सो ही क्यूबन तरुणी उभी राहिली, आणि नायक होता तोच डोलिन. या बाईंची कथा ऐकून कोणीही थक्क व्हावें. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळें शस्त्रक्रिया होऊन त्यांना महिनोन् महिने न हलतां पडून राहावें लागलें होतें. त्या अवस्थेंत त्यांनीं ‘जिझेल’ची भूमिका मनांतल्या मनांत, हाताचीं बोटें अंथरुणावर चालवून, पाठ केली. पुढें आयुष्यभर अपुऱ्या दृष्टीनें, रंगभूमीवरील दिव्यांच्या खुणांवर त्या नाचत राहिल्या. १९४८ मध्यें त्यांनीं क्यूबांत नृत्यमंडळी काढली, आणि १९७२ मध्यें पॅरिसच्या ऑपेरानें आपली ‘जिझेल’ बसविण्यास त्यांनाच बोलाविलें. पॅरिसची मुलगी पीटर्सबर्ग, लंडन, न्यूयॉर्क, हवाना असा प्रवास करून माहेरीं आली ती अशी.

या सांखळींत एक गोष्ट स्पष्ट दिसते. वह्या होत्या, पण वह्यांनीं भूमिका पोंचविली नाहीं. डोलिनच्या हातांनीं स्पेसिव्त्सेव्हाला, मग मार्कोव्हाला, मग आलोन्सोला उचललें. त्या हातांच्या आठवणींतून कांहीं तरी एकीकडून दुसरीकडे गेलें. आपल्याकडे गुरुमुखी विद्या म्हणतात ती याहून निराळी नाहीं. फक्त येथें गुरूच्या मुखाऐवजीं सहनर्तकाचे हात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन प्रयोगांची तुलना विशेष उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९५६ मध्यें मॉस्कोची बोल्शोई मंडळी प्रथमच लंडनला आली. जिझेल होती गालिना उलानोव्हा, वय ४६. जवळून पाहणाऱ्यांस ती एक थकलेली, साधी बाई दिसे; नृत्य सुरू होतांच अठरा वर्षांची खेडवळ पोर दिसूं लागे. तिच्या पहिल्या अंकांतील पावलें आणि अभिनय यांमध्यें शिवण सांपडत नसे. ती नाचे तेव्हां बोलतच असे. तिच्यापासून पाश्चात्त्य नर्तकांनीं घेतलेला धडा असा कीं, दोन अंक या दोन भूमिका नसून एकाच स्वभावाच्या दोन अवस्था आहेत. पहिल्या अंकांतील विश्वासू मुलगीच दुसऱ्या अंकांत क्षमा करूं शकते.

दुसरा प्रयोग २१ फेब्रुवारी १९६२ चा, लंडनच्याच कव्हेंट गार्डनमधील. मार्गो फाँटेन हिनें जिझेल प्रथम केली ती १९३७ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं. आतां ती ४२ वर्षांची होती आणि तिची निवृत्ति जवळ आली असें सर्वजण समजत होते. तिच्यासमोर उभा राहिला आदल्याच वर्षीं सोव्हिएट मंडळी सोडून आलेला २३ वर्षांचा रुडॉल्फ नुरेयेव्ह. त्या रात्रीं पडदा तेवीस वेळां वर न्यावा लागला. फाँटेनचें पुढील सर्व यश या रात्रीपासून मोजतात. येथें तुलना दोन नर्तकींची नाहीं. एकाच नर्तकीची स्वतःशीं आहे. पावलें तींच, संगीत तेंच, देह पंचवीस वर्षांनीं म्हातारा; आणि तरीही जोडीदार बदलतांच भूमिका तरुण झाली. नायिकांचीच तौलनिक कोष्टकें मांडणारे रसिक हें विसरतात कीं जिझेल एकटी कधींच नाचत नाहीं. मिर्था निर्दय नसेल तर तिची करुणा फिकी पडते. आल्ब्रेख्ट उथळ असेल तर तिची क्षमा वायां जाते. आणि मागें उभ्या असलेल्या चोवीस विलींची ओळ जर एका श्वासानें हलली नाहीं, तर सारें अरण्यच कोसळतें. त्या चोवीस जणींचीं नांवें इतिहासांत नाहींत, पण ‘जिझेल’ त्यांच्याही पायांवर उभी आहे.

आल्ब्रेख्टच्या बदलत्या स्वरूपानें कथेचा शेवटच कसा बदलला, तेंही पाहण्यासारखें आहे. १८४१ च्या प्रयोगांत जिझेल लुप्त होतांना आपल्या प्रियकरास त्याच्या वाग्दत्त वधूकडे बोट दाखवी. ती थोर मनाची राजकन्या त्याला शोधीत तेथें आलेली असे, आणि तो तिच्याकडे हात पसरी. क्षमेचा अर्थ तेव्हां, ‘जा, आपलें आयुष्य जग’ असा होता. पुढें नायकाचें दुःख हाच प्रयोगाचा विषय होत गेला, आणि ती राजकन्या शेवटच्या प्रवेशांतून गळाली. आतां पडदा पडतो तो एकट्या, फुलें कवटाळून बसलेल्या पुरुषावर. १८४२ ची एक प्रत, एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच नृत्यशिक्षक जुस्तामां याची २००८ मध्यें प्रसिद्ध झालेली वही, आणि स्तेपानोव्ह लिपींतील टिपणें यांचा मेळ घालून २०११ मध्यें अमेरिकेंतील सिएटल येथें आणि २०१९ मध्यें मॉस्कोंत जुन्या ‘जिझेल’च्या जवळ जाण्याचे प्रयत्न झाले. गाळलेला मूकाभिनय आणि विलींच्या नृत्यांतील विसरलेलें संगीत परत आलें. कित्येक प्रेक्षकांस ‘मूळ’ हेंच नवें वाटलें. परंपरा म्हणजे आजोबांनीं पाहिलेलें, असें आपण समजतों. त्या आजोबांच्या आजोबांनीं काय पाहिलें होतें, हें क्वचितच विचारतों.

मूळाकडे जाणाऱ्यांबरोबरच दूर जाणारेही झाले. १९८२ मध्यें स्वीडनच्या मात्स एक यानें दुसरा अंक स्मशानांतून काढून मनोरुग्णालयांत नेला. स्पेसिव्त्सेव्हाचें चरित्र ठाऊक असणाऱ्यास त्यानें शहारा येतो. १९८४ मध्यें हार्लेमच्या कृष्णवर्णीय नृत्यमंडळीनें लुइझियाना प्रांतांतील मुक्त निग्रो समाजांत ही कथा बसविली, आणि कुलाचा अहंकार कोणत्याही वर्णांत सारखाच असतो हें दाखविलें. २०१६ मध्यें बंगाली वंशाचा, कथकांत मुरलेला अक्रम खान यानें इंग्लंडमध्यें कारखान्यांतून हांकललेल्या स्थलांतरित मजुरांची ‘जिझेल’ रचली.

कथकच्या शाळेंतला माणूस गोतिएच्या नायिकेपर्यंत पोंचला, यांत एक जुनें वर्तुळ पुरें झाल्यासारखें वाटतें. १८३८ मध्यें पाँडिचेरीच्या बाजूच्या देवदासींचा एक मेळा पॅरिसला गेला होता. त्यांतील अमनी हिच्या नृत्यानें गोतिए भारावून गेला आणि त्यानें तिच्यावर लिहिलें. पुढें १८५८ मध्यें त्यानेंच कालिदासाच्या शाकुंतलावर पॅरिस ऑपेरासाठीं ‘साकुंताला’ हें नृत्यनाट्य लिहिलें, आणि तें बसविलें ल्युसियां पतिपा यानें, म्हणजे पहिल्या आल्बर्टनेंच. अरण्याच्या कडेची निष्पाप कन्या, आपली खरी ओळख लपवून तिच्याजवळ येणारा राजपुरुष, वचनभंग, आणि शेवटीं स्त्रीची क्षमा : दोन्ही कथांतील हें साम्य आमच्या वाचकांस सांगावयास नको. एकीचा प्रभाव दुसरीवर पडला असा आमचा दावा नाहीं. परंतु जिझेल व शकुंतला या दोघी एकाच कवीच्या मनांत शेजारीं शेजारीं राहिल्या, एवढें खरें. आणि म्हणूनच शकुंतलेच्या भूमिकांची तुलना करण्यांत वाढलेल्या मराठी रसिकास जिझेलच्या भूमिकांची तुलना परकी वाटूं नये.

ही तुलना न्यायानें कशी करावी, याविषयीं आमचें मत थोडक्यांत मांडतों. देहाच्या शक्तीची वाढ ही कलेची वाढ समजूं नये. आजची सामान्य विद्यार्थिनीही ग्रिसीपेक्षां पाय उंच नेईल आणि अधिक फिरक्या घेईल. त्यावरून ती मोठी जिझेल ठरत नाहीं. जुन्यांविषयींच्या हळव्या आठवणीसही पुरावा समजूं नये. उलानोव्हाची चित्रफीत पाहून आजही डोळे भरतात, पण ज्यांच्या चित्रफिती नाहींत त्यांच्यापुढें तिला कमी लेखणें सोपें असतें, कारण न दिसणाऱ्याची चूक कोणास सांपडत नाहीं. आणि ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न शक्य तों बाजूस ठेवून ‘कोणीं काय मागें ठेविलें’ हा विचारावा. एल्सलरनें उन्मादाला वजन दिलें. पाव्हलोव्हानें छायेला छायापण दिलें. निजिन्स्कीनें नायकाला मन दिलें. मार्कोव्हानें संयम, उलानोव्हानें दोन अंकांमधील धागा दिला. आज नाचणारी कोणतीही जिझेल या सर्वांची ऋणी आहे, मग तिनें त्यांचीं नांवें ऐकलेलीं असोत वा नसोत.

हें सारें आपण लिहूं शकलों, कारण तिकडील प्रेक्षकांनीं पाहिलेलें लिहून ठेविलें. गोतिएनें लिहिलें, कारसाव्हिनेनें लिहिलें, डोलिननें स्पेसिव्त्सेव्हावर पुस्तक लिहिलें. रँबर्ट यांनीं एक लहान यंत्र डोळ्यास लाविलें. आपल्याकडे भाऊराव कसे वळत, कोठें थांबत, कोणत्या शब्दावर मान फिरवीत, याचें वर्णन शोधूं गेल्यास हातीं बहुधा विशेषणेंच लागतात : ‘अप्रतिम’, ‘अद्वितीय’, ‘न भूतो न भविष्यति’. विशेषणांवरून भूमिका पुन्हां उभी करतां येत नाहीं. संगीत रंगभूमीच्या उत्तरकाळांतील भूमिका, किंवा आपल्या नृत्यगुरूंच्या पहिल्या पिढीच्या मैफली ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिल्या, असे वृद्ध अजून कित्येक घरांत आहेत. त्यांचा सुस्कारा ऐकून हंसण्यापेक्षां घरांतील एखाद्या मुलानें वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें आणि विचारावें : तुम्हीं नेमकें काय पाहिलेंत? हात कोठें होता? ती थांबली ती कोणत्या क्षणीं? हे प्रश्न विचारण्यास अजून अवधि आहे, फार नाहीं.